हत्तीणीसाठी सिम बदललं, व्हॉट्सअ‍ॅप कशात बदलायचं?

पापाची_तिकटी (धागाकर्ता) | ७ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

ऑगस्टातली गोष्ट. दुकान वाढवून घरी आलो तर आई सोप्यात फोन पुढ्यात ठेवून बसलेली. "ह्यातलं ते कार्ड काढ आधी, मग जेव." सिम काढायची पिन ऐन वेळेला कधी सापडत नाही. तिनंच बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून पुढं केली. मी म्हटलं, अगं नुसतं कार्ड काढून काय होत नाही, पोर्ट करावं लागतं. १९०० वर मेसेज टाकायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या गॅलरीत जायचं. तिनं एकच विचारलं, "नंबर ह्योच राहतोय न्हवं?" राहतो म्हटल्यावर, "मग कर की."

हा नंबर तिच्या पासबुकावर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे आणि माहेरच्या चार म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. तो जाणार असता तर हत्तीणीवर कितीही माया असली तरी कार्ड जाग्यावरच राहिलं असतं.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण (आमच्याकडं तिला माधुरीही म्हणतात) पेटा या प्राणीहक्क संस्थेच्या तक्रारीनंतर कोर्टाच्या आदेशानं जुलै २०२५ मध्ये जामनगरला वनतारात गेली. वनतारा म्हणजे अनंत अंबानींचं प्राण्यांचं केंद्र, आणि जिओही अंबानींच्याच घरचं. हत्तीण तर परत आणता येईना, मग लोकांनी हाताशी होतं ते सोडलं, म्हणजे जिओ. ३ ऑगस्टला नांदणीतून कोल्हापूरपर्यंत पायी मूक मोर्चा आला आणि इकडं गल्लोगल्ली सिम बदलायची मोहीम. हत्ती मठात असावा का आसऱ्यात, यावर इथं दोन धागे पेटून विझलेत. तिसरा नको, हात जोडतो.

माझं डोकं दुसरीकडंच अडकलंय. दुकानाच्या नंबरचं सिम एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये आहे, तो फोन गल्ल्यात असतो. त्याच नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप टॅबवर चालतं, दुकानातल्या वायफायवर. गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून भोवती पेन फिरवतं, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवतं, त्यावरून कारागीर चप्पल बेततो. धाकटा भाऊ माळ्यावर कॉम्प्युटरवर वेब उघडून पत्ते उतरवून घेतो. कोल्हापुरीचा निम्म्याहून जास्त बाहेरगावचा धंदा आमचा असा चालतो.

आता २८ नोव्हेंबरला दूरसंचार खात्याचा आदेश निघालाय. ९० दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल ही अ‍ॅपं ज्या फोनमध्ये ते सिम आहे तिथंच चालली पाहिजेत, आणि वेबवरून सहा तासांनी आपोआप बाहेर पडायचं. म्हणजे टॅब बाद, आणि माळ्यावरच्या भावानं दिवसातून दोनदा खाली येऊन कोड स्कॅन करायचा. त्याच तारखेचा दुसरा आदेश होता, प्रत्येक नव्या फोनवर सरकारचं संचार साथी अ‍ॅप कंपनीनंच घालून द्यायचं. त्यावर देशभर बोंब उठली आणि ३ डिसेंबरला सरकारनं सक्ती मागं घेतली. जिंकलो म्हणून सगळे झोपले. सिमचा आदेश उभा आहे तो आहेच.

आईला एक कंपनी नकोशी झाली, तिनं तीन दिवसांत सोडली. मला व्हॉट्सअ‍ॅप नकोसं झालं तर मी काय करू? सिग्नलवर जाऊ? माझं गिऱ्हाईक तिथं नाही. पाच वर्षांची पायांची मापं ह्या अ‍ॅपात आहेत, ती कुठल्या गॅलरीत नेऊन पोर्ट करू?

ता.क. 'जिओ सोडा' हा मेसेज आईला आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीनं २०२० साली ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतलाय. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

---

दूधकट्टा | रात्री १०:५८

एक नंबर लिवलंस भावा. आमच्या तालमीत एका रविवारात सगळ्यांची सिमं बदलली. वस्ताद म्हणाले, ज्याचं राहिलंय त्यानं हौद्यात उतरायचं न्हाई. विषयच संपला.

टोल आठवतोय का? शहरातले रस्ते केले म्हणून आयआरबीनं नाके टाकले हुते. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसले. 'देणार नाही, देणार नाही' करत २०१५ च्या शेवटाला टोल घालवला. कंपनी कितीबी मोठी असू दे, कोल्हापूरला नाद करायचा न्हाई.

कटवाढा | रात्री ११:०३

सिम बदललं ते बेस्ट केलंस दूधकट्टा. आता आयपीएल कुठं बघणार? जिओहॉटस्टारशिवाय फोनवर लागतीया का कुठं?

दूधकट्टा | रात्री ११:०४

भाच्याच्या पासवर्डवर बघायची. पैसं आपलं न्हाईत.

कटवाढा | रात्री ११:०५

नाद खुळा बहिष्कार 😂

ताकभात | रात्री ११:४१

मूळचा इचलकरंजीचा, गेली चौदा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. थोडं कडू बोलतो, राग मानू नये.

एक. हत्तीण कंपनीनं उचलून नेली नाही. उच्च न्यायालयाचा निकाल होता, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. पुढं सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंच नेमलेल्या विशेष पथकानं वनताराला क्लीन चिट दिली. ती पटो न पटो, राग कोर्टाचा होता आणि काढला सिमकार्डावर.

दोन. ज्यांच्या नावानं आज शिमगा, त्यांच्याच दारात सप्टेंबर २०१६ मध्ये आधार कार्ड घेऊन कोण उभं होतं? मी होतो. फुकट डेटा मिळतोय म्हटल्यावर दोन तास उभा होतो. पुढच्या दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमोचे ग्राहक एअरटेलकडं गेले, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या (तीच आताची वीआय). दुकानं बंद पडताना आपण बादलीनं डेटा भरून घेत होतो. मग जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी आठवडाभराच्या आत दर वाढवले तेव्हा सगळे बोंबलले.

तीन. आई पोर्ट होऊन गेल्या कुठं? उरल्यात तीन खाजगी आणि एक बीएसएनएल. त्या तिनातल्या वीआयमध्ये थकबाकीचे शेअर करून घेतल्यामुळं जवळजवळ ४९ टक्के सरकारच मालक. जिओचे ग्राहक ५० कोटींवर गेलेत. कोल्हापूर जिल्हा अख्खा गेला तरी त्यांच्या ताळेबंदात तळटीपसुद्धा येणार नाही.

शिरोळची_माती | ८ डिसेंबर, सकाळी ६:१५

ताळेबंदात येणार नाही हे मान्य. पण मग ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वनताराचे अधिकारी मठाशी बोलायला इकडं का आले? परत पाठवायच्या अर्जाला पाठिंबा देऊ, नांदणीजवळच केंद्र उभारायला मदत करू, असं का म्हणाले? नुसता मोर्चा निघाला असता तर आले असते का, ते मला ठाऊक नाही. सिमं जायला लागल्यावर आले एवढं डोळ्यांनी बघितलं.

बाकी कंपनी, कोर्ट, पेटा यातलं मला काय कळत नाही. ती पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत पुढं असायची. आमच्या पोरीनं चालायला शिकल्यावर तिला पहिला केळ्याचा घड दिला होता. पोरगी आता कॉलेजला आहे.

डायलटोन | सकाळी ८:३०

दूरसंचारमध्ये ३२ वर्षं काढली, निवृत्त होऊन नऊ झाली. धागाकर्त्यानं नेमक्या जागी बोट ठेवलंय, म्हणून दोन शब्द.

नंबर ग्राहकाचा, ही कल्पना फार जुनी नाही. आमच्या काळात शाहूपुरीतून घर बदलून राजारामपुरीत गेलात की नंबर बदलायचा, आणि लोक लग्नपत्रिकेवर जुना खोडून नवा शाईनं लिहायचे. मोबाइल आले तरी नंबर कंपनीचाच होता. कंपनी सोडायची तर नंबर सोडायचा, म्हणून वाईट सेवा असली तरी माणूस चिकटून राही. पोर्टिंगच्या तारखा किती वेळा पुढं गेल्या विचारू नका. शेवटी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झालं आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. राज्य बदललं तरी नंबर तोच, हे जुलै २०१५ पासून. कुठल्याही कंपनीनं हे आपणहोऊन दिलेलं नाही. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, नियम केला, म्हणून आईंच्या हातात ती सेफ्टी पिन आली.

सिम जोडणीच्या आदेशावर मात्र माझं मत वेगळं आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवला. समोर पोलिसाचा गणवेश, मागं अशोकस्तंभ. 'डिजिटल अटक' म्हणे. निवृत्तीची निम्मी रक्कम गेली. नंबर भारतातला, पण सिम कधीच फेकून दिलेलं आणि व्हॉट्सअ‍ॅप परदेशातून चालू. हे भोक बुजवायला नको का?

पापाची_तिकटी | सकाळी ९:१०

@डायलटोन काका, भोक बुजवायला पाहिजेच. पण सहकाऱ्यांना फसवणारा उद्या दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेऊन बसेल. शंभर सिमं पोत्यात सापडल्याच्या बातम्या आपणच वाचतो की. बटणाचा फोन गल्ल्यात ठेवणारा मी मात्र नक्की अडकतो. चोराला अडसर आणि मला कुलूप, असं होतंय.

आणि संचार साथी वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाच्याचा हरवलेला फोन त्याच पोर्टलवरून ब्लॉक केला होता. आपण घेतलं तर हत्यार आणि दुसऱ्यानं खिशात घातलं तर पाळत, एवढाच माझा मुद्दा आहे.

काळाकोट | दुपारी २:२०

मी आत्ताच कोर्टातून आलो, डबा खात लिहितोय, शुद्धलेखन पोटात घाला.

धागाकर्त्याच्या "मापं कुठं पोर्ट करू"चं उत्तर ह्यात मिळतं का बघा. २०१८ मध्ये न्या. श्रीकृष्ण समितीनं डेटा संरक्षणाचा मसुदा दिला. त्यात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडं न्यायचा हक्क स्पष्ट लिहिला होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये कायदा झाला, त्यात तो हक्क नाही. बघायला मागता येतं, दुरुस्त करून घेता येतं, पुसायला सांगता येतं. न्यायला येत नाही. दंड २५० कोटींपर्यंत, कलमं भारदस्त, आणि नेमकं हे एक कलम वाटेत गळालं. ते कुणाच्या सोयीचं होतं हे मी सांगत बसत नाही.

त्याच कायद्यानं माहिती अधिकारातल्या खाजगी माहितीच्या कलमाला कात्री लावली, आणि ती दुरुस्ती गेल्या महिन्यात लागूसुद्धा झाली. आपल्याला हक्क मिळायचे ते दीड वर्षानं, त्यांना पडदा मिळाला तो लगेच.

दुसरं, सिम सोडलं म्हणजे सुटलो असं कुणी समजू नका. कुणाला फोन केला, किती वेळ बोललात, कुठल्या टॉवरखाली होतात, हे रेकॉर्ड कंपनीनं किमान दोन वर्षं ठेवायचं असतं, परवान्यातलीच अट आहे. ३ ऑगस्टला मोर्च्यात कोणकोण चाललं याची यादी करायची झाली तर कॅमेरा लागत नाही, खिशातला फोन पुरतो. केली असं म्हणत नाही. करता येते असं म्हणतोय.

कटवाढा | दुपारी २:३१

म्हणजे मूक मोर्चात फोनच बोलत हुता.

दूधकट्टा | दुपारी ३:०५

वकीलसाहेब, ७ जून २०२३ इसरलासा का? स्टेटसवरनं शिवाजी चौकात पेटलं, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, आणि नेट बंद. दुसऱ्या दिवशी मिसळ खायला गेलो. खिशात दमडी न्हाई, सगळं फोनमधी. मालकानं गल्ल्यातनं वही काढली, नाव लिव म्हणाला. माझ्याआधी अकरा नावं हुती, एक तर ब्यांकेतल्या सायबाचं.

तवा सगळ्याच कंपन्यांचं नेट गेलं हुतं. पोर्ट करून करतोस काय?

काळाकोट | दुपारी ४:४८

@दूधकट्टा, वरच्या सगळ्या प्रतिसादांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. जिओ सोडून एअरटेलला गेलात तरी नेट बंद करायचा आदेश दोघांना एकाच वेळी जातो. दहा-बारा कंपन्या होत्या तेव्हाही जायचा, पण आता चार पत्रांत राज्य शांत होतं. ताकभात म्हणतायत ती मक्तेदारी नुसती खिशाला लागत नाही. दारं जितकी कमी, तितकं कुलूप घालणं सोपं. सरकारला मोजक्या मोठ्या कंपन्या सोयीच्या, आणि त्या कंपन्यांनाही नव्या कुणाला आत न येऊ देणारं सरकार सोयीचं.

१० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, नेटबंदीचा आदेश जाहीर केला पाहिजे, म्हणजे त्याला आव्हान देता येतं. बेमुदत बंदी चालणार नाही, दर आदेशाला कारण पाहिजे. दंगल आवरायला काही तास बंद करणं समजू शकतो. पण अफवा नेटवर पसरते तशी अफवेचं खंडनही नेटवरच पसरतं, हे त्या आदेशात कधी लिहिलेलं नसतं. ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच गावात आलंय. पुढच्या वेळी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही, आदेशाची प्रत तेवढी मिळवा.

ताकभात | रात्री ९:५०

जाहीर माघार. 'राग सिमकार्डावर काढला' हे माझं वाक्य थोडं उथळ होतं. शिरोळची_माती यांचा मुद्दा मान्य. कोर्टाला बहिष्कार घालता येत नाही, जिथं घालता येतो तिथं लोकांनी घातला.

मूळ प्रश्नाकडं येतो. व्हॉट्सअ‍ॅप पोर्ट होऊ शकतं का? तांत्रिकदृष्ट्या अडचण नाही. घरचंच उदाहरण घ्या, यूपीआय. तुमचं अ‍ॅप फोनपे, भाजीवालीचं गूगल पे, तिची बँक तिसरीच. तरी पैसे पोचतात, कारण नियम आधी ठरला आणि अ‍ॅपं मागून आली. मेसेजचं उलट झालं. अ‍ॅप आधी आलं, अख्खा देश त्यात जाऊन बसला, आता नियम मागून धावतोय. (यूपीआयही अगदी सोवळं नाही. दोनच अ‍ॅपांकडं ८० टक्क्यांवर व्यवहार आहेत, आणि एका अ‍ॅपला ३० टक्क्यांची मर्यादा घालायची मुदत ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर नेलीय.)

युरोपनं डिजिटल मार्केट्स कायद्याखाली व्हॉट्सअ‍ॅपला दार उघडायला लावलंय. गेल्या महिन्यात तिथं बर्डीचॅट आणि हायकेट या दोन अ‍ॅपांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवायची सोय जाहीर झाली. नावं ऐकली नसतील, मीही नव्हती ऐकली. दार उघडलं म्हणून लगेच कुणी आत येतं असं नाही, पण कडी तरी निघाली. आपल्याकडं तसाच डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला आणि कपाटात गेला.

स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी मेटाच्याच इतर कंपन्यांना डेटा द्यायला पाच वर्षं बंदी घातली. गेल्या महिन्यात अपील न्यायाधिकरणानं दंड ठेवला, बंदी काढली. दंड म्हणजे त्यांना पार्किंगची पावती.

डायलटोन | रात्री १०:२०

@ताकभात, यूपीआयचं उदाहरण चपखल. फक्त एक विसरू नका. सगळी अ‍ॅपं एकमेकांशी बोलायला लागली की मधल्या एका जागी कान लावणंही सोपं होतं. आम्ही एक्स्चेंजमध्ये बसायचो, जोड कुठं असतो तिथंच चिमटा लागतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ताकभात | रात्री १०:२६

खरंय. म्हणून युरोपात अट आहे की बाहेरच्या अ‍ॅपनंही तेवढंच कुलूपबंद संभाषण दिलं पाहिजे. इथं तशी अट कोण घालेल याची मलाही धास्ती आहे.

दूधकट्टा | रात्री १०:४०

एवढं सगळं वाचून माझं डोस्कं तापलं. टोल घालवायला पाच वर्षं लागली हुती, आणि टोल नाका डोळ्याला दिसत हुता. ह्यो नाका हाय कुठं? दगड तरी कुणीकडं मारायचा?

काळाकोट | रात्री १०:४४

दगड मारू नका, जामीन मलाच करावा लागतो.

शिरोळची_माती | ९ डिसेंबर, सकाळी ६:४०

@पापाची_तिकटी, तुमचं टॅबचं काय ठरलं मग? आमच्या ऊसतोडीच्या मुकादमाचीही हीच अडचण आहे. सिम बायकोच्या फोनात, व्हॉट्सअ‍ॅप त्याच्याकडं.

पापाची_तिकटी | सकाळी ९:२५

सिम घालता येतं असा वापरलेला टॅब शोधतोय, कुणाकडं असेल तर सांगा. भाऊ म्हणतो, सगळी मापं वहीत उतरवून काढू. काल रात्री बसलो. प्रत्येक फोटो उघडायचा, पट्टीवरचा आकडा वाचायचा, टाच ते अंगठा, चवड्याची रुंदी, डावा-उजवा वेगळा. बारा वाजेपर्यंत चाळीस गिऱ्हाइकं झाली. एका आजोबांचा डावा पाय अर्ध्या इंचानं मोठा आहे, हे मला पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं. कारागिराला म्हणे आधीपासून माहीत होतं, तो तोंडपाठ मापानंच बेतत होता.

आणि आईला ते ९.९९ टक्क्यांचं शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "मग तेबी काढ." काढलं तर तिचं भजनी मंडळ जाईल म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसली. "आषाढी होऊ दे," म्हणाली.

कटवाढा | सकाळी ९:३३

मला पण एक जोड पाहिजे, नऊ नंबर. पाय कुठं काढून पाठवू?

पापाची_तिकटी | सकाळी ९:३५

नंबर व्यनि करतो. व्हॉट्सअ‍ॅपच आहे, हसू नकोस. पट्टी ठेवून फोटो काढ, आणि मोजे काढून.